विहिरीपासून उजवीकडे

खुंट्या उपटणं हे गवंड्याचं काम नव्हे. पण त्या दिवशी मजूर यायच्या आधीच ठेकेदाराने त्याला बाजूला घेतलं. म्हणाला, "मिस्त्री, विहिरीच्या पुढच्या खुंट्या तुम्हीच काढा. मजुरांच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"काढायच्या कशाला? मोजणीवाले गेल्या वर्षीच ठोकून गेलेत."

"रेषा बदलली. विहिरीपासून डावीकडे जायचं होतं, आता उजवीकडे जायचं."

गवंड्याने डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे पाहिलं. पुराची भिंत पुलापासून निघून जुन्या विहिरीपर्यंत येणार, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिथून ती डावीकडे वळली, तर खालची वस्ती भिंतीच्या आत येत होती. तीस-बत्तीस घरं, भाजीचे मळे, आणि अगदी शेवटी त्याच्या थोरल्या बहिणीची रोपवाटिका. उजवीकडे वळली, तर वस्ती बाहेर, नदीच्या बाजूला राहत होती आणि आत येत होतं नदीकाठचं कुरण. कुरणात ना घर ना गोठा. नदी फुगली की पाणी तिथे पसरायचं, दोन दिवस लोळायचं आणि निघून जायचं. हल्ली मात्र त्याला तारेचं कुंपण पडलं होतं. ते कुणी घेतलं हेही सगळ्यांना ठाऊक होतं. गावच्या अध्यक्षांच्या भावाने आणि व्याह्यांनी.

"भिंत तेवढीच लांब," ठेकेदार म्हणाला. "एक दगड कमी नाही की जास्त नाही. तुमच्या कामाला काय फरक पडतो?"

खुंट्या म्हणजे हातभर सळईचे तुकडे, डोक्याला लाल रंग. वर्षभरात मातीने त्यांना घट्ट धरलं होतं. गवंड्याने हातोडीने इकडून तिकडून ठोकून एकेक सैल केली आणि पोत्यात टाकली. शेवटची खुंटी बहिणीच्या कुंपणाला लागून होती. ती काढताना पलीकडून झारीने पाणी घातल्याचा आवाज येत होता. तो वाकलेलाच राहिला आणि आवाज लांबच्या वाफ्याकडे गेल्यावर उठला.

आक्का त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी होती. आई गेली तेव्हा हा पाच वर्षांचा. वडील कामाच्या शोधात आज या गावी तर उद्या त्या गावी. आक्का बांधकामावर विटा वाहायची आणि हा तिच्या मागे मागे वाळूत खेळायचा. पुढे हात जरा मोठे झाल्यावर तिनेच तिथल्या म्हाताऱ्या गवंड्याला गाठलं. म्हणाली, याला थापी धरायला शिकवा, मी दोन खेपा जास्त करते. त्याच्या हाताला वळण लागायला वर्ष गेलं, आणि वर्षभर ती रोज दोन खेपा जास्त करत होती. ही गोष्ट तिने कधी बोलून दाखवली नाही. म्हाताऱ्या गवंड्यानेच मरायच्या आधी त्याला सांगितली होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती कामावर आली. हात कोपरापर्यंत मातीने माखलेले, पदर खोचलेला. मागून दाजी. दाजींचा एक खांदा ओझी वाहून कायमचा खाली गेलेला, पण जीभ मात्र सरळ.

"खुंट्या कुठे गेल्या रे?" आक्काने विचारलं.

"काढल्या. वरून आलंय. रेषा बदलली."

"म्हणजे आम्ही बाहेर?"

गवंड्याने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "ऑफिसातून ठरलंय, आक्का. मला काय विचारतात."

"सतरा मतांचा हिशोब चुकता केला म्हणायचं," दाजी म्हणाले.

मागच्या निवडणुकीत खालच्या वस्तीची पेटी वेगळी मोजली गेली होती आणि तिच्यातून अध्यक्षांना सतरा मतं निघाली होती. बाकी सगळी पडली होती समोरच्या उमेदवाराला, कारण त्याने वस्तीला पक्का रस्ता देतो म्हणून सांगितलं होतं. तो पडला तो पडलाच, वर शहरात राहायला निघून गेला.

"त्या सतरांतलं एक माझं होतं," दाजी म्हणाले. "चष्मा घरी राहिला होता."

आक्का हसली नाही. ती विहिरीच्या कठड्याला हात टेकून उजवीकडच्या चुन्याच्या रेघेकडे बघत होती. "अरे, पण कुरण बंद केलं तर पाणी जाणार कुठे?" ती म्हणाली. "इतकी वर्षं आमच्याकडे गुडघाभर यायचं, कारण बाकीचं तिकडे पसरायचं. हे कुणी सांगितलं का त्यांना?"

"साहेब लोक आहेत. त्यांना कळत असेल."

"त्यांना कळतंय म्हणून तर मला भीती वाटते," आक्का म्हणाली.

काम सुरू झालं. गवंड्याचा हात गावात नावाजलेला होता. त्याची बायकोही त्याच कामावर होती, माल कालवायला. घरात आणि कामावर तिचं एकच म्हणणं असे, घट्ट कालवलेलं वाया जात नाही. थोरली मुलगी सरकारी दवाखान्यात औषधं देण्याच्या खिडकीवर लागली होती. नेमणूक कच्ची होती आणि ती पक्की करायचा ठराव समितीपुढे पडून होता. त्या समितीचे अध्यक्ष म्हणजे हेच अध्यक्ष.

अध्यक्ष माणूस वाईट नव्हते, म्हणजे तोंडावर तरी नव्हते. कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं असलं तर त्यांची गाडी निघायची. भिंत बघायला आले की मजुरांबरोबर उन्हात उभे राहून चहा घ्यायचे. एकदा त्यांनी भिंतीच्या अंगावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "मिस्त्री, ही भिंत तुमच्या नातवंडांना दाखवाल तुम्ही." मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "पोरगी कशी आहे? ठराव घेऊ या एखाद्या बैठकीत."

त्या दिवशी गवंड्याने नदीकडच्या अंगाच्या दर्जा स्वतः भरल्या. दगडांच्या सांध्यात माल दाबायचा, सळईने ओढायचा, ओल्या पोत्याने पुसायचा. सांधा दगडाच्या पातळीला आला पाहिजे, खाच राहता कामा नये, पाण्याला कुठे नख रोवायला जागा मिळता कामा नये. त्याला काम येत होतं तेवढं सगळं त्याने त्या भिंतीत घातलं. त्याला वाटायचं, रेषा कुणीही आखो, काम तरी खोटं नको.

भिंत कमरेएवढी झाली आणि वस्तीच्या तक्रार अर्जाची चौकशी आली. जिल्ह्याहून एक बाई येणार होत्या. आदल्या संध्याकाळी आक्का त्याच्या घरी आली. ती सहसा ओट्यावर बसायची, त्या दिवशी आत येऊन बसली.

"तुला फक्त एवढंच सांगायचंय," ती म्हणाली, "की आधी खुंट्या डावीकडे होत्या. कुणी बदलल्या, का बदलल्या, ते नको सांगूस. आम्ही सांगतोय तर ते म्हणतात, तुम्ही विरोधातले, तुम्ही असंच बोलणार. तू त्यांच्या कामावरचा माणूस. तुझं ऐकतील."

गवंडी हाताला चिकटलेलं सिमेंट खरवडत होता. बायकोने आक्कापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"आक्का, तुम्ही मोठ्या आहात," बायको म्हणाली. "पण पोरीचं पण बघायला पाहिजे ना."

"बघायला पाहिजेच," आक्का म्हणाली. "मी कुठे नाही म्हणते." ती पाणी प्यायली, तिने तांब्या पालथा घातला. जाताना दारात थांबून ती म्हणाली, "जमेल तेवढंच बोल. खोटं मात्र नको बोलूस."

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या बाई विहिरीपाशी आल्या. सोबत एक कारकून, हातात फाईल. ऊन कडक होतं. वस्तीतली माणसं एका बाजूला, अध्यक्ष आणि ठेकेदार दुसऱ्या बाजूला. बाई नवीनच होत्या नोकरीत, चेहऱ्यावर घाम आला होता, पण प्रश्न नीट विचारत होत्या. वस्तीतल्या चार-पाच जणांनी एकदमच बोलायला सुरुवात केली तेव्हा त्या म्हणाल्या, "एकेक करून. आणि जे कामावर आहेत त्यांच्यापैकी कुणी पाहिलंय का?"

ठेकेदार म्हणाला, "हे आमचे मिस्त्री. पहिल्या दगडापासून आहेत."

गवंडी थापी हातात घेऊनच पुढे आला.

"विहिरीच्या डावीकडे मोजणीच्या खुंट्या होत्या का?"

त्याने आक्काकडे पाहिलं नाही. पण ती कुठे उभी आहे हे त्याला न बघताही कळत होतं. अध्यक्ष मात्र त्याच्याकडे बघतही नव्हते. ते नदीकडे बघत होते, जणू विचारलेल्या गोष्टीशी त्यांचा काही संबंध नाही.

"बाई, मी दोरी लागते तिथे बांधतो," गवंडी म्हणाला. "त्याच्या आधीचं आपल्याला माहीत नाही."

"म्हणजे तुम्ही पाहिल्या नाहीत?"

बाई वाट बघत होत्या. एवढी वाट आजवर कुठल्या साहेबाने त्याच्यासाठी पाहिली नव्हती, हे त्याला पुढे फार वेळा आठवलं.

"नाही पाहिल्या," तो म्हणाला.

कारकुनाने लिहिलं, वाचून दाखवलं, त्याने सही केली. सही करताना बोटांवरचा ओला माल कागदाला लागला, तेव्हा कारकून म्हणाला, "जरा हात पुसून." वस्तीतल्या एका म्हाताऱ्याने जमिनीवर थुंकून पाय घासला. दाजी आक्काला म्हणाले, "चल, रोपांचे ट्रे वाळत असतील," आणि दोघं निघून गेली.

पुढच्या महिन्यात मुलीचा ठराव झाला. घरात त्या दिवशी गोड केलं होतं. गवंड्याने दोन घास खाल्ले आणि दात दुखतोय म्हणून उठला.

भिंत पुरी झाली त्याच वर्षी पाणी आलं.

पूर्वी मोठं पाणी म्हणजे दहा-पंधरा वर्षांतून एकदा. अलीकडे एक वर्षाआड होऊ लागलं होतं. महिनाभरात पडायचा तो पाऊस दोन दिवसांत पडून मोकळा व्हायचा आणि मग चाळीस दिवस आभाळ कोरडं. वस्तीतली माणसं त्याच्याशी जुळवून घ्यायला शिकली होती. आक्काने रोपांच्या ट्रेसाठी कमरेएवढी लोखंडी मांडणी करून घेतली होती. पाणी गुडघाभर येईल, दोन दिवसांनी जाईल, जाताना गाळ ठेवून जाईल, आणि त्या गाळात रोपं जोमाने येतील. तिचा सगळा धंदा या अंदाजावर उभा होता, आणि सत्तावीस वर्षं तो अंदाज चुकला नव्हता.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला नदीचा आवाज बदलला. वरच्या अंगाला रात्रभर कोसळलं होतं. अकरापर्यंत पाणी पुलाच्या कमानीला टेकलं. गावातली माणसं भिंतीवर चढून उभी राहिली. भिंतीच्या माथ्याची रुंदी दीड हात, त्यावर ओळीने माणसं, छत्र्या, लहान मुलं. पाठीमागे गाव कोरडं, कुरण कोरडं. समोर पाणी भिंतीला धडकून मागे वळत होतं आणि जायला दुसरी वाट नाही म्हणून वस्तीत शिरत होतं. गुडघाभर झालं, कमरेएवढं झालं, मग मांडणीवरचे ट्रे उचलले गेले. हिरवे चौकोन एकामागून एक फिरत फिरत निघाले आणि भिंतीला येऊन चिकटले.

"भिंत हलत नाही बघा," कुणीतरी मागून म्हणालं. ते कौतुकच होतं.

गवंड्याने कमरेला दोर बांधला, दुसरं टोक भिंतीवरच्या चौघांच्या हातात दिलं आणि उतरला. पाणी छातीपर्यंत होतं आणि गार होतं. पायाखाली वाफ्यांची माती चिखल होऊन सरकत होती. त्याच्यासारखे आणखी पाच-सहा जण उतरले. वस्तीतल्या बायका, म्हातारी माणसं एकेक करून दोराने भिंतीपर्यंत आणली. दाजी शेडच्या पत्र्यावर बसले होते. आक्का कलमांच्या जुन्या झाडांपाशी होती. त्या सहा झाडांवरूनच तिची सगळी कलमं निघायची. ती एका झाडाला मिठी मारून उभी होती, मानेपर्यंत पाण्यात, आणि सोडायला तयार नव्हती.

"आक्का, चल."

"ही उभी राहतील," ती म्हणाली. "दोन दिवस पाणी राहिलं तर राहतील उभी."

"राहतील. तू चल."

तिला भिंतीपर्यंत आणली. वरून दोन हात खाली आले होते, पण ते पोचत नव्हते. पाय ठेवून हातभर वर चढायला पाहिजे होतं. आक्काने एक पाय भिंतीला लावला, तो घसरला. दुसरीकडे लावला, तोही घसरला. तिने बोटांनी दगडांचे सांधे चाचपले. नदीकडच्या अंगाला एक खाच नव्हती. दर्जा इतक्या घोटून भरलेल्या की नख अडकत नव्हतं. पायऱ्या होत्या त्या फक्त गावाच्या बाजूला. शेवटी गवंडी पाण्यात खाली बसला, तिचे दोन्ही पाय आपल्या खांद्यावर घेतले आणि उठला. नाकातोंडात पाणी गेलं. वरच्यांनी तिला ओढून घेतली. तिच्या दोन्ही गुडघ्यांची सालं भिंतीवर निघाली होती.

पाणी दोन दिवसांनी गेलं नाही. पूर्वी ते कुरणातून उतरून नदीला मिळायचं, ती परतीची वाटही भिंतीने बंद केली होती. सहा दिवस ते वस्तीत उभं राहिलं, हिरवं पडलं, त्याला वास येऊ लागला. गावाच्या शाळेत वस्तीची सोय केली होती. गवंड्याची बायको रोज सगळ्यांसाठी जेवण घेऊन जायची. आक्का तिच्याशी बोलायची, मुलीची चौकशी करायची. गवंडी तिथे आला की ती उठून काहीतरी कामाला लागायची.

सातव्या दिवशी ती परत गेली. रोपवाटिकेची हिरवी जाळी चिखलात गाडली गेली होती. सहा झाडं उभी होती, पण पानं लोंबत होती. तिने एका झाडाच्या बुंध्याशी माती उकरली, मूळ बाहेर काढलं आणि अंगठ्याने दाबलं. साल सुटून हातात आली. आतलं लाकूड काळं पडलं होतं. तिने सहाही झाडांची मुळं तशीच बघितली, मग हात धुवायला पाणी शोधू लागली.

पुढचं सगळं फार शिस्तीत झालं. पाहणी झाली, कागद झाले. वस्तीला सांगण्यात आलं की तुमची जागा आता भिंतीबाहेरची, म्हणजे नदीच्या पात्रातली धरली जाते. पात्रात पुन्हा घर बांधायला, शेड उभारायला मदत मिळत नाही, हटायला मिळते. ती जागा विकायला काढली तर घेणार कुणी नव्हता. दर आठवड्याला रोपं न्यायला येणारे टेम्पो दुसऱ्या गावच्या वाटेला लागले, कारण लावणी कुणासाठी थांबत नाही. तिकडे कुरणात मात्र दगड रोवून तुकडे पाडले गेले होते आणि 'पुरापासून सुरक्षित' असा फलक लागला होता. नदी सगळ्यांसाठी सारखीच आली होती. तिला कुठे अडवायचं आणि कुठे सोडायचं, ते आधीच ठरलं होतं.

पाऊस संपल्यावर समितीच्या सभागृहात कार्यक्रम झाला. जिल्ह्याचे मोठे साहेब आले होते. अध्यक्ष बोलायला उठले आणि म्हणाले, "एवढं पाणी आलं, पण भिंतीला साधी चीर गेली नाही. याचं श्रेय आमच्या मिस्त्रींना." गवंड्याला व्यासपीठावर बोलावलं, हातात भिंतीवरचं घड्याळ दिलं. बायकोने इस्त्री केलेला सदरा त्याला गळ्याशी काचत होता. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावरही मागच्या बाजूने एकाच्या टाळ्या ऐकू येत राहिल्या. दाजी दाराशी उभे होते. एक खांदा खाली गेलेला, त्यामुळे दोन्ही तळवे नीट जुळत नव्हते, तरी ते टाळ्या वाजवत होते. थट्टा करताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा वर जात असे. त्या दिवशी तो गेला नाही. ते मनापासून वाजवत होते, काम चांगलं झालं होतं म्हणून.

गवंडी घड्याळ घेऊन घरी आला, ते कपाटावर पालथं ठेवलं आणि आडवा झाला. दुसऱ्या दिवशी कामावर गेला नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "असं किती दिवस?"

"मी जिल्ह्याला जाऊन येतो."

"कशाला?"

"त्या बाईंना सांगतो, खुंट्या मीच काढल्या म्हणून."

बायको बराच वेळ निवडायचं धान्य चाळत राहिली. "पोरीचं काही करतील," ती म्हणाली. मग म्हणाली, "जा. मीच तेव्हा तुम्हाला आडवी आले."

"तू नाही आलीस. मी तुझ्या आड उभा राहिलो."

जिल्ह्याच्या कचेरीत त्या बाई नव्हत्या. त्यांची बदली झाली होती. तोच कारकून होता. त्याने गवंड्याला ओळखलं नाही. फाईलचा नंबर नव्हता, पण गावाचं नाव आणि महिना सांगितल्यावर त्याने कपाटातून एक वही काढली, बोट फिरवलं.

"हे प्रकरण निकाली निघालं. 'तक्रारीत तथ्य नाही.' तुमच्याच जबाबावर निघालेलं दिसतंय."

"तो जबाब खोटा होता. मला नवा द्यायचाय."

कारकुनाने चष्मा वर केला. तो चिडला नाही. "मिस्त्री, आता देऊन काय होणार? भिंत पाडणार का कुणी? उलट तुम्हीच खोटी जबानी दिली म्हणून अडकाल."

"अडकू दे."

"लिहून द्या मग. आवक करून घेतो."

गवंड्याला लिहायची सवय नव्हती. व्हरांड्यातल्या बाकावर बसून त्याने अर्धा दिवस घालवला. बावीस खुंट्या होत्या, विहिरीपासून डावीकडे, शेवटची बहिणीच्या कुंपणाशी, मी माझ्या हाताने काढल्या, असं लिहिलं. कारकुनाने त्यावर शिक्का मारला आणि एका ट्रेमध्ये ठेवला. त्या ट्रेमध्ये आधीचे बरेच कागद होते. पुढे त्या कागदाचं काही झालं नाही. त्याच्यावर कारवाई झाली नाही, मुलीच्या नोकरीलाही कुणी हात लावला नाही. त्या जबाबाने कुणाचं काही बिघडणार नव्हतं, म्हणून कुणी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

तोवर आक्का आणि दाजी गाव सोडून गेली होती. चाळीस मैलांवर एका मोठ्या रोपवाटिकेत दोघांनाही काम मिळालं होतं. जाताना ती भावजयीला भेटून गेली होती, तो घरी नसताना.

थंडी ओसरताना गवंडी तिकडे गेला. मोठी जागा होती, पांढऱ्या प्लास्टिकचे लांबच लांब बोगदे, आत दमट उष्णता. कडेला बायका ओळीने बसून काळ्या पिशव्यांत माती भरत होत्या. आक्का त्यांच्यात होती. दुसऱ्याच्या रोपवाटिकेत, रोजंदारीवर. दाजी कुठेतरी पाण्याच्या नळ्या ओढत होते.

तो समोर येऊन उभा राहिला. तिने वर पाहिलं.

"घरी सगळे बरे?"

"बरे आहेत." तो उकिडवा बसला. "आक्का, मी जिल्ह्याला जाऊन आलो. लिहून दिलं. खुंट्या होत्या म्हणून. मीच काढल्या म्हणून."

तिने हातातली पिशवी भरून बाजूला ठेवली, दुसरी घेतली. फुंकर मारून तिचं तोंड उघडलं. "कधी?"

"पाणी ओसरल्यावर. फार उशिरा पोचलो, कळतंय मला."

"लिहिलं कुणी?"

"मीच."

ती मान हलवत राहिली, हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला कळलं नाही. तेवढ्यात रोपवाटिकेचा मालक फेरी मारत आला. तरुण होता, कानाला फोन. त्याने गवंड्याकडे पाहून विचारलं, "हे कोण, मावशी?"

आक्काने वर न बघता सांगितलं, "आमच्या गावचे गवंडी आहेत. या बाजूला आले होते, म्हणून थांबले."

मालक बरं म्हणाला आणि पुढे गेला.

गवंडी तसाच बसून राहिला. शेजारच्या बायका आपापल्या गप्पांत होत्या. बोगद्याच्या प्लास्टिकवरून पाण्याचे थेंब ओघळत होते. बऱ्याच वेळाने त्याने ढिगातली एक पिशवी उचलली, आक्काने उघडली तशीच फुंकरीने उघडली आणि दोन्ही हातांनी माती भरू लागला. गवंड्याचा हात होता, माल दाबून भरायची सवय होती. एक पिशवी भरली, दुसरी भरली. आक्काने हरकत घेतली नाही. तिसरी भरून ठेवल्यावर तिने ती उचलली, अंगठ्याने वरून चाचपली, उपडी करून माती पुन्हा ढिगावर सोडली आणि रिकामी पिशवी त्याच्या हातात दिली.

"इतकी दाबू नका," ती म्हणाली. "मुळांना जागा लागते."